डाव्या वळणांची शर्यत

मी गाडी पार्क करते म्हणजे नक्की काय करते, यावर आमच्या घरात एकमत नाही. माझ्या मते मी गाडी लावते. अविनाशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मते मी ती कुठेतरी टेकवते. कुवेतमध्ये महबूलातल्या आमच्या बिल्डिंगखाली खांब जास्त आणि जागा कमी. त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी सुलैबियातल्या एका गॅरेजची माझी फेरी ठरलेली असते. तिथला डेंटर, म्हणजे गाड्यांचे पोचे काढणारा, सदानंद, सगळ्यांचा सदा, देवगडजवळच्या खेड्यातला. माझी गाडी दिसली की तो हातातलं काम ठेवून बाहेर येतो आणि म्हणतो, "वैनी, गाडी बरी आसा. खांबच बदलून घेवा."

या फेब्रुवारीत गेले तेव्हा मात्र त्याने माझ्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. हात धरल्यासारखा तो मला थेट मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे एक जुनी, लांबलचक कॅप्रिस गाडी उभी होती. काचा काढलेल्या, आत एकच सीट, सगळीकडे लोखंडी पाइप आणि रंग पिकल्या हापूसचा. रंग त्याने स्वतः मिसळून काढला होता, चार वेळा फेकून पाचव्यांदा जमला म्हणे.

"ह्या गुरवार-शुक्रवारी शर्यत आसा, वैनी. सगळ्यांनी येवा बघूक."

"चालवणार कोण?"

"मी चलवतलंय," तो म्हणाला आणि लाजला. पन्नाशीच्या माणसाला इतकं लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

भानगड अशी होती. गॅरेजच्या मालकाला, अबू फहदला, गोल ट्रॅकवरच्या शर्यतींचं वेड लागलेलं. परदेशी मासिकांतली चित्रं फाडून त्याने सदाला दिली आणि भंगारातून ही गाडी आणून त्याच्यापुढे टाकली. त्याच सुमाराला सदाने सांगितलं की आता पुरे, अकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपतोय, कायमचा गावी जातो. तेव्हा अबू फहद म्हणाला, गाडी नीट बनव, तिची पहिली शर्यत तू चालव आणि मग जा. सदाचं विमान रविवारचं होतं. म्हणजे हीच पहिली आणि हीच शेवटची. इतकी वर्षं गॅरेजमधून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून गॅरेजपर्यंत लोकांच्या गाड्या नेणाऱ्या माणसाला एकदा, फक्त एकदा, स्वतः बनवलेली गाडी शर्यतीत शेवटपर्यंत न्यायची होती. जिंकायचं वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

घरी येऊन मी जाहीर केलं की या वीकेंडला मॉल नाही, शर्यत. (भारतातल्या वाचकांसाठी: इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असते. रविवारी आम्ही बिचारे ऑफिसात असतो.) आमची कन्या सई, वय चौदा, हिने हेडफोन न काढता निकाल दिला, "आई, इट्स जस्ट कार्स गोइंग इन सर्कल्स." अविनाश शुऐबाच्या एका प्लांटवर सेफ्टी ऑफिसर आहे. त्याने फक्त एवढंच विचारलं, "अग्निशामक कुठे ठेवलेत?" मी दोघांनाही गाडीत घातलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. महबूलाहून फहाहील एक्स्प्रेसवे धरायचा, मग सिक्स्थ रिंग रोडने पश्चिमेला. सुलैबियाची गोदामं आणि गॅरेजं मागे पडली की सालमी रोड. पेट्रोलची टाकी आधीच भरून घ्या, स्वस्तच आहे, पण पुढे पंप पटकन मिळत नाही. पाणी दुप्पट घ्या. डांबरी रस्ता सोडल्यावर वाळूतून चाकांच्या खुणा जातात, त्यांच्यामागे जायचं. फेब्रुवारीत वाळवंटावर हिरवी मिशी फुटल्यासारखं गवत आलेलं असतं आणि जिकडेतिकडे कुवेती कुटुंबांचे खैमे, म्हणजे तंबू, लागलेले. शहरात एवढे मोठे बंगले सोडून ही मंडळी थंडीचे दोन-तीन महिने इथे येऊन राहतात. प्रत्येक खैम्यामागे ट्रकएवढा जनरेटर घुरघुरत असतो आणि आत टीव्ही चालू असतो. अबू फहदचाही खैमा होता, आमची राहायची सोय तिथेच होती.

ट्रॅक पहिल्यांदा दिसला तेव्हा माझा थोडा हिरमोड झाला. मी सांगलीकडची. शर्यत म्हटलं की मला बैलगाड्यांची सरळसोट धाव आठवते, नजर पोचणार नाही इतकी लांब. इथे मातीच्या बांधात बसवलेलं एक डांबरी कडं होतं, शाळेच्या मैदानाहून थोडं मोठं. बाहेरच्या कडेला सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आणि तिला टेकवलेले जुने टायर. एका नजरेत सगळं मावत होतं. तिकीट एक दिनार, मुलांना फुकट. एका गाड्यावर फलाफल सँडविच आणि कडक चहा. आम्ही पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, तरी सँडविचं खाल्लीच.

मग सरावासाठी गाड्या सुटल्या आणि माझं मत तिथल्या तिथे बदललं.

आवाज कानात येत नाही, तो पोटात येतो. वीसेक गाड्या त्या एवढ्याशा कड्यात शिरल्या, एकमेकींच्या शेपट्या हुंगत, आणि जमीन थरथरायला लागली. सरळ शर्यतीत गाडी येते आणि जाते. इथे ती जातच नाही. ती गेली म्हणून श्वास सोडावा तोवर पुन्हा समोर. लहानपणी जत्रेत मौत का कुआँच्या काठावरून खाली वाकून पाहिलं होतं, त्यानंतर इतके मोठे डोळे करून मी काही पाहिलं नव्हतं. रबराचा जळका वास, उडणारी धूळ, आणि त्या धुळीतून वळणावर तिरप्या होऊन येणाऱ्या गाड्या. अविनाशने प्लांटवरून आणलेले कानातले बोळे आम्हाला वाटले. घ्याच कोणी जाणार असाल तर. सईने हेडफोन कधी काढले ते मला कळलंच नाही.

सदाची गाडी पुढच्या तुकडीत होती. आणि इथे घोटाळा झाला. फाटकातून आत आल्यावर सगळ्या गाड्यांची तोंडं एका बाजूला आणि आमच्या हापूसचं तोंड बरोबर उलट्या बाजूला. झेंडेवाला धावत आला, हात हलवू लागला. लोक हसले. सदाने गाडी फिरवून घेतली. पण सुरू झाल्यावर प्रत्येक वळणावर ती गाडी वळायलाच तयार होईना. सगळे आत वळायचे आणि ही बाहेरच्या भिंतीकडे ओढ घ्यायची, दावं तोडू पाहणाऱ्या म्हशीसारखी. तीन-चार फेऱ्यांत सदाने तिला कशीबशी बाहेर काढलं.

आम्ही धावत गेलो. सदाबरोबर त्याचा खोलीतला सोबती इस्माईलभाई होता, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा, धंद्याने वेल्डर. गाडीतले सगळे पाइप त्यानेच जोडलेले. तो ट्रॅककडे तोंड करून उकिडवा बसला होता आणि बराच वेळ नुसता बघत होता. मग त्याने मान वळवली.

"सदा, तू गाडी कुठल्या बाजूनं फिरणार म्हणून बांधलीस?"

"खयल्या म्हणजे? देवळाभोवती फिरतत तशी."

"हे उलटे फिरतायत रे."

 मग मला एकेक उलगडत गेलं. सदाने चित्रं पाहिली होती, पण चित्रातली गाडी कुठे वळते ते थोडंच दिसतं? फेरी म्हटल्यावर त्याच्या मनात प्रदक्षिणाच आली. देव उजव्या हाताला, भिंत डाव्या हाताला. म्हणून त्याने भिंतीच्या बाजूचं डावं अंग पाइप घालून पोलादी केलं, डावीकडे मोठे टायर घातले, बॅटरी आणि वजन उजवीकडे नेलं. सगळं अगदी मन लावून, अगदी अचूक, आणि अगदी उलट. इथे शर्यत डावीकडे वळत होती. भिंत उजवीकडे होती आणि गाडीचं उजवं अंग नुसत्या पत्र्याचं होतं.

"तुका म्हायत होता?" सदाने विचारलं.

"मला कुठं म्हाइत! तू म्हणालास पाइप इथं धर, मी धरला. आता डोळ्यांनी बघतोय म्हणून कळलं. मी उमऱ्याला गेलो होतो, तिथं काबेभोवती असंच फिरतो आम्ही, डावं अंग आत ठेवून. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"देवाभोवती फिरताना कोण इचारता काय, खयल्या बाजून फिरू म्हणान?"

अविनाशला राहवलं नाही. "अरे, पण इथल्या राउंडअबाउटला रोज कसा फिरतोस? तिथेही डावीकडेच ना?"

सदाने त्याच्याकडे दुखावल्यासारखं पाहिलं. "थयसून कामाक जातंय, साहेब. ही काय कामाची फेरी?"

 मला हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला, कारण लाल टोपी घातलेला एक गोरा तपासनीस गाडीभोवती फिरून मान हलवत होता. उजव्या बाजूला पाइप नाहीत, म्हणून उद्या ही गाडी सोडणार नाही, असं त्याने अबू फहदला सांगितलं. अविनाशने हळूच मला सांगितलं की त्याच्या जागी तो असता तर त्यानेही सोडली नसती. अबू फहदने सदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि "मालेश, सदा, मालेश" म्हणाला, म्हणजे जाऊ दे. सदाने मान डोलावली. तो गाडीशेजारी वाळूत बसला आणि त्या सुंदर रंगावरची धूळ आपल्या बाहीने पुसू लागला. त्या क्षणी मला काहीही करून ती गाडी उद्या धावायला हवी होती. माझ्या स्वतःच्या गाडीसाठीही मी कधी इतकी कळवळले नाही.

शुक्रवारी सकाळी चहा घेऊन मी खैम्याबाहेर आले तर इस्माईलभाईने डावीकडचे पाइप कापायला सुरुवात केली होती. टायर सदाने उजाडताच बदलून टाकले होते, बॅटरी डावीकडे आली होती. ते सोपं होतं. अडचण वेल्डिंगची होती. अबू फहदच्या जनरेटरवर मशीन लावलं की तो दोनदा खोकायचा आणि बंद पडायचा. जुम्माच्या नमाजनंतर शर्यत, त्याआधी तपासणी, आणि नमाजला इस्माईलभाईला जायचंच होतं.

मग अबू फहद शेजारच्या खैम्यात गेला. तिथे कुठल्याशा फुटबॉल सामन्यासाठी तंबूभर माणसं जमलेली. तो आत काय बोलला माहीत नाही, पण पाच मिनिटांत टीव्ही बंद झाला आणि पांढऱ्या दिशदाशातले, म्हणजे पायघोळ झग्यातले, सात-आठ जण त्यांचा भलामोठा जनरेटर ढकलत आमच्याकडे आले. त्यांच्यामागून चहाची किटली आणि खजूर. सामना सोडून ती सगळी मंडळी गोल करून बसली आणि वेल्डिंग बघू लागली. ठिणगी उडाली की "वल्ला!" म्हणायची. वारा सुटला होता, वाळू उडत होती, म्हणून दोघांनी चादर आडवी धरली. चादरीचं तिसरं टोक आमच्या सेफ्टी ऑफिसरच्या हातात होतं.

इस्माईलभाई मांडी घालून, मान वाकडी करून जोडत गेला. मधेच म्हणायचा, "सदा, ही तरी बाजू नक्की ना? नाहीतर मी परत काढणार नाय." सदा दोन्ही हातांनी पाइप धरून बसलेला. शेवटचा जोड झाल्यावर अविनाशने हातोडी मागून घेतली आणि एकेक सांधा वाजवून पाहिला. प्रत्येक ठिकाणी स्वच्छ टणत्कार. शेवटच्या सांध्यावर तो थांबला, पुन्हा वाजवला आणि म्हणाला, "पास." ऑफिसच्या कामात तो हा शब्द इतक्या आनंदाने उच्चारत असेल असं मला वाटत नाही. तपासनीसाने दुपारी खाली वाकून, आत डोकावून सगळं पाहिलं आणि बोनेटवर खडूने बरोबरची खूण केली. इस्माईलभाई नमाजहून परतला तेव्हा सदा हेल्मेट घालून तयार होता. 

शर्यत पंचवीस फेऱ्यांची. सदा शेवटच्या रांगेत. झेंडा पडला आणि तो आवाज पुन्हा पोटात शिरला. यावेळी मात्र मला त्या वीस गाड्यांतली एकच दिसत होती. ती वळत होती! काल भिंतीकडे ओढ घेणारी तीच गाडी आज कडेकडेने, आत झुकून, लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती. तेच डांबर, तेच लोखंड, फक्त बाजू बदललेली. इतक्या जवळून, इतक्या वेगात, माणूस लोखंडाला इतकं ऐकायला लावू शकतो हे बघून माझ्या अंगावर काटा आला. सई कठड्यावर चढून ओरडत होती, "सदाकाका, गो! गो!" आणि मग, बहुधा नकळत, "जा ना पुढे!"

बाराव्या-तेराव्या फेरीला त्याने दोघांना मागे टाकलं. माझ्या शेजारचे फुटबॉलवाले आता "सदा! सदा!" करत होते. आणि वळणावर त्याच्या पुढची काळी गाडी गरकन फिरली. सदाला जायला जागाच राहिली नाही. तो बाहेर गेला, उजव्या अंगाने भिंतीवर आदळला आणि धुळीचा एवढा लोट उठला की काहीच दिसेना. आवाज मात्र आला. पत्र्याचा आवाज मला चांगला ओळखता येतो. हा तसला नव्हता.

 अविनाश कठड्यावरून अर्धा पलीकडे गेला होता. इस्माईलभाई डोळे मिटून ओठ हलवत होता. रविवारी ज्याचं विमान आहे, ज्याची बायको गावी वाट बघतेय, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून, चादरी धरून, टाळ्या वाजवून आत पाठवलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

धुळीतून आधी पिवळा बंपर आला. मग गाडी. उजवं दार आत गेलेलं, एक चाक किंचित डुगडुगणारं, पण गाडी चालत होती. आणि ती आमच्यासमोरून जाताना हेल्मेटच्या आतून सदाने एकदाच मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी रडायला लागले. बायका भर गर्दीत रडतात म्हणून मी नेहमी नाकं मुरडत असते. असो.

त्यानंतर तो हळू झाला, ज्यांना मागे टाकलं होतं ते पुढे गेले, आणखीही गेले. पण तो थांबला नाही. उरलेल्या सगळ्या फेऱ्या त्याने पुऱ्या केल्या. चौकड्यांचा झेंडा त्याच्यासाठी हलला तेव्हा त्याच्यामागे एकच गाडी होती, आणि जिंकणाऱ्याला मिळाला नसेल एवढा आरडाओरडा त्याला मिळाला.

धक्क्याने त्याच्या बाजूचं दारही अडकलं होतं, म्हणून त्याला खिडकीतून ओढून काढलं.  इस्माईलभाईने त्याला कवेत घेतलं, पाठीवर एक जोरदार थाप मारली आणि विचारलं, "पाइप?" सदा म्हणाला, "वाकाक नाय." मग तो गाडीच्या उजव्या बाजूला गेला. डेंटर लोक करतात तसं त्याने डोळे मिटले आणि चेपलेल्या पत्र्यावरून तळवा फिरवला, खोली किती, कड कुठे, ताण कुठवर गेलाय ते बघत. हे काम करताना मी त्याला इतक्या वेळा पाहिलंय. पण आज तो मोजत नव्हता, नुसता हात फिरवत होता.

अबू फहद खुशीत होता. म्हणाला, नो प्रॉब्लेम, पुढच्या आठवड्यात नवा माणूस येतोय, तो हे काढेल, गाडी परत नव्यासारखी.

"ला, बाबा," सदा घाईने म्हणाला. "धिस वन खल्ली." हा असू दे.

अबू फहदला कळेना. डेंटर कधी डेंट ठेव म्हणतो का? त्याने हसून हात उडवला, "बादेन, बादेन," म्हणजे नंतर बघू. कुवेतमध्ये राहणाऱ्यांना ठाऊक आहे, बादेन म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही.

सदा माझ्याकडे वळला. चेहरा धुळीने पांढरा, डोळ्यांखाली ओले ओघळ. "वैनी, इतकी वरसां लोकांचे डेंट काढलंय. ह्यो माझो."

संध्याकाळी परत निघालो. सालमी रोडला त्या वेळी खैम्यांवरून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते, दीड तास जास्त धरून निघा. आमच्या गाडीत मात्र कुणाचीही तक्रार नव्हती. सई कॅमेऱ्यातले फोटो पुन्हा पुन्हा बघत होती. अविनाश मधेच स्टिअरिंगवर बोटं वाजवून "वीस सांधे, एकही नाही सुटला" असं पुटपुटायचा. रविवारी सदा गेला. विमानतळावर आम्हाला जाता आलं नाही, फोनवर बोलणं झालं, त्यातही तो गाडीबद्दलच बोलत होता.

मग मी कामाला लागले, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. इथे माणसं येतात, आपलं आयुष्य इथल्या इमारतींत, रस्त्यांत, लोकांच्या गाड्यांत घालतात आणि एक दिवस बॅग घेऊन निघून जातात. त्यांचा हात कुठे लागला होता ते मागे शोधूनही सापडत नाही. सदाचं तर कामच असं की ते जितकं चांगलं, तितकं ते दिसत नाही. त्या बादेनचं पुढे काय झालं, हे मला कळायलाच हवं होतं.

म्हणून पंधरा दिवसांनी फोटोंच्या प्रती घेऊन मी सुलैबियाला गेले. मागच्या शेडमध्ये हापूस रंगाची गाडी धुऊनपुसून उभी होती. नवं बोनेट, नवा बंपर, डुगडुगणारं चाक बदललेलं. मी दबकत उजव्या बाजूला गेले.

नवा डेंटर, उत्तर प्रदेशातला कोणी चाळिशीचा गृहस्थ, हात पुसत आला. त्याला वाटलं मी काम बघतेय. गडबडीने म्हणाला, "मॅडम, बाकी सब निकाल दिया. इसको हाथ लगाने का मना है. मालिक बोला, ये सदा का है."